सोमवारची सुई

मला जनावरांचा लळा नाही, हे आधीच सांगून टाकते. उगाच पुढं कुणी म्हणायला नको, की बाईंनी गाईवर काय जीव ओतून लिहिलंय. गाय जवळ आली की मी पदर आवरून बाजूला होते. गोठ्यात शिरायचं तर नाकाला रुमाल. शेणाच्या वासानं माझं डोकं चढतं. आमची अक्का, माझी थोरली बहीण, यावरून मला आयुष्यभर चिडवत आलीय. "बेबे, तू चुकून आपल्या घरात आलीस बग. तुला कुण्या तहसीलदाराच्या घरी जायाचं हुतं, मधीच उतरलीस," म्हणते. मी लातुरात शाळेत गणित शिकवते. ती शिरूर अनंतपाळजवळच्या आमच्या गावी वडलांची शेती आणि गाई सांभाळते. दोघींनाही एकमेकींचं काम बिनकामाचं वाटतं आणि त्यावर आमचं बरं चाललंय.

तरी यंदा माघ सरता सरता आमच्या गल्लीत पुन्हा टँकर यायला लागला आणि मला गिरजी आठवली. खरं म्हणजे टँकर आल्यावर माणसाला घागर आठवावी. भोंगा वाजला, खालच्या बाया नळ्या घेऊन धावल्या, कुणाची तरी कुणाशी जुंपली, आणि मी गॅलरीत रिकामी बादली धरून एका कालवडीचा विचार करत उभी. गिरजी ही अक्काची कालवड. तिला जाऊन तीन वर्षं होतील आता.

तो तीन वर्षांपूर्वीचा उन्हाळा. उन्हाळा तरी कसला म्हणायचा, मधला पावसाळा आलाच नव्हता, उन्हाळ्याला उन्हाळा लागून होता. त्या साली आमच्याकडं कट्ट्याकट्ट्यावर दोनच विषय होते, पाऊस आणि नवा जिल्हा. उदगीरचा जिल्हा होणार म्हणे. मग आपला तालुका तिकडं जाणार की लातुरातच राहणार, यावर हॉटेलात चहा गार होईपर्यंत वाद. पाऊस पुढच्या आठवड्यात आणि जिल्हा पुढच्या महिन्यात, असं सगळं वर्ष गेलं. दोन्ही आले नाहीत. लातुरात नळ कोरडे पडले तशी मी सुट्टी लागल्याबरोबर दोन पिशव्या भरून गावी गेले. लोक दुष्काळात गाव सोडून शहरात जातात, मी शहर सोडून गावात आले, कारण अक्काच्या विहिरीच्या तळाला तेवढं पाणी अजून होतं. बादली सोडली की आधी दगडावर खरवडल्याचा आवाज यायचा, मग पाण्याचा. तो खरवडल्याचा आवाज मला अजून दातात जाणवतो.

बाकी त्या उन्हाळ्याचं काय काय आठवतं. कडुलिंब असा फुलला होता की मला त्याचा राग यायचा. माणसांना प्यायला पाणी नाही आणि हा उभाय थाटात! दुपारी वारा सुटला की अंगणभर ती बारीक फुलं आणि वाळलेल्या कडब्याचा चुरा एकत्र उडायचा, डोळ्यात जायचा, भाकरीच्या पिठात जायचा. गावातली निम्मी जनावरं माळावरच्या छावणीत गेली होती. त्यामुळं संध्याकाळी घंटांचा आवाज नव्हता. मला तो आवाज कधी आवडला नव्हता, पण तो नाही म्हटल्यावर संध्याकाळ झाली हेच कळेना. त्या साली येळवस, आमच्याकडं शेतात जाऊन पूजा-जेवण करायची ती वेळ अमावस्या, तीही धड झाली नव्हती. शेतात ज्वारीच उभी नव्हती तर पूजा कशाची करणार? अक्कानं जुन्या कडब्याच्या चार पेंढ्या उभ्या करून पूजेची खोपी, आमची कोप, केली, आंबील शिंपडली, मिसळ भाजीची भज्जी खाल्ली आणि "झाली गं बाई येळवस" म्हणून हात धुतले. काशी त्या दिवशी शेवटची शेतापर्यंत चालत गेली.

काशी कोण ते सांगायला हवं. अक्काची देवणी गाय. अंग सगळं पांढरं, तोंडाच्या दोन्ही बाजू तेवढ्या काळ्या. मला गाईतलं काही कळत नाही, पण काशी रस्त्यानं निघाली की मोटारसायकलवाले हळू होऊन बघायचे एवढं मी पाहिलंय. काशीच्या आईची गोष्ट आमच्या घरात इतक्यांदा सांगितली गेलीय की ती मला पाठ आहे. ती आमच्या आत्याकडं होती, किल्लारीच्या अलीकडं. भूकंप झाला त्या पहाटे तिनं दावं तोडलं आणि ती गोठ्यातून बाहेर मोकळ्यात जाऊन उभी राहिली. मागं घर बसलं, गोठा बसला. आत्या वाचली, गाय वाचली, बाकी काही राहिलं नाही. पुढं आत्याला पत्र्याच्या शेडमध्ये राहायला लागलं, तेव्हा तिनं ती गाय अक्काला दिली. दावं तोडायची खोड त्या गाईपासून काशीत आली, काशीपासून गिरजीत. अक्का या खोडीचं कौतुक करायची. नवं दावं तुटलं की शिव्या द्यायच्या ऐवजी म्हणायची, "आज्जीवर गेली बया!"

काशी त्या उन्हाळ्याच्या तोंडाला गेली. म्हातारी झाली होती, तिला दुष्काळ सोसला नाही. तिला आधी सगळे गोऱ्हेच झालेले, ते कधीच ज्याच्या त्याच्या दावणीला गेले. उतारवयात झालेली ही एकच कालवड, गिरजी. म्हणजे काशीच्या मागं गोठ्यात तिचं म्हणून एवढंच. अक्कानं काशीसाठी दोन दिवस तोंडात पाण्याशिवाय काही घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी उठली आणि गिरजीला सरकीची पेंड भिजवून घातली.

त्याच सुमारास ती जनावरांची डॉक्टर आमच्या घरी यायला लागली. शिरूरला नवीन आलेली, पोरसवदा, कंधारकडची, स्कूटीवर फिरायची, उन्हासाठी तोंडाला ओढणी गुंडाळलेली. तिच्या माहेरी लाल कंधारी गाई. त्यावरून अक्का तिला पहिल्या दिवसापासून धरून होती. "तुमची ती तांबडी जनावरं, उन्हात उभी केली तर मातीत दिसत न्हाईत." डॉक्टर म्हणायची, "न दिसू द्या की, तुमच्या पांढऱ्या चोराला लांबून दिसतात." दोघींचं गोत्र एकच होतं, जीभ तिखट.

तिनं जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगते. गाय एका माजाला एकच बीज पिकवते. तिला चार दिवस सकाळ-संध्याकाळ ठराविक सुया दिल्या तर एकदम बरीच बीजं पिकतात. मग चांगल्या वळूचं रेतन करायचं. आठवड्यानं तिच्या पोटातून ते इवलेइवले गर्भ धुऊन बाहेर काढायचे आणि एकेक दुसऱ्या साध्या गाईंच्या पोटात ठेवायचा. त्या गाई नऊ महिने सांभाळतात, वितात, दूध पाजतात. वासरं मात्र हिची.

"म्हंजी कोंबडीवानी," अक्का म्हणाली. "एकीची अंडी, दुसरी खुडूक."

"तसंच समजा."

"आन् हिनं काय करायचं?"

"ही मोकळी. महिन्या-दोन महिन्यात हिला तुम्ही वळू दाखवून भरवू शकता. पण तोवर काशीच्या वंशाची चार-सहा वासरं चार-सहा दावणींना वाढत असतील. अक्का, सगळं एका जनावरावर ठेवू नका. एक साप, एक वीज, संपलं."

यात खोटं काही नव्हतं. प्रश्न एवढाच होता की कधी. गिरजी दोन वर्षांची होऊन थोडी पुढं गेलेली. वयात आलेली, पण बरगड्या दिसत होत्या. डॉक्टरचं म्हणणं, दोन-तीन माज नियमित झाले, थोडं वजन धरलं की लगेच करू, गर्भ काढायच्या सरकारी योजनेची गाडी या सालीच आपल्या भागात आहे, पुढच्या साली येईल याचा भरवसा नाही. अक्काचं म्हणणं, एक वेत होऊ दे, तिचं तिच्या पोटचं, मग हव्या तेवढ्या सुया लाव.

"वेत व्हायला वर्ष जाईल, अक्का. आधी ती गाभण राहायला पाहिजे, या अंगावर!"

"मग या अंगावर तुज्या सुया कशा चालतील गं?"

डॉक्टरनं गिरजीच्या बरगड्यांकडं पाहिलं. प्रामाणिक पोरगी होती, दिसतंय ते नाकारायची नाही. मग म्हणाली, "दोन महिने नीट खाऊ घाला. तरी अंग नाही भरलं तर मीच नको म्हणेन."

मी त्या दिवशी रविवारची गावी गेलेले. अक्का माझ्याकडं वळली. "बेबे, तू सांग. तू शिकलेली हायस."

"मला काय विचारतीस? मला गाईचं शेपूट कुठल्या बाजूला असतं तेवढंच कळतं," मी म्हणाले आणि आत चहा टाकायला गेले.

अक्का एवढी का अडली होती ते मला माहीत होतं. डॉक्टरला माहीत नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या वडलांनी अक्काचं लग्न लावून दिलं. वाईट माणूस नव्हते अप्पा. घरात खाणारी तोंडं जास्त, सुकडी खाऊन दिवस काढायचे, आणि मागणी आलेली, खाऊनपिऊन सुखी घर. पोरगी वयात आलीय म्हणाले. वयात म्हणजे काय, तर नुकतीच. हाताच्या काड्या होत्या तिच्या. मी तेव्हा लहान होते. लग्नात मला जिलेबी मिळाली एवढंच मला आठवतं, आणि अक्काच्या अंगावरचा शालू दोनदा घसरला. वर्षाच्या आत ती बाळंतपणाला आली. मूल राहिलं नाही आणि पुढं तिची कूस उजवली नाही. सासरच्यांनी काही वर्षं वाट पाहिली, मग दुसरी आणली. लातूरचा जिल्हा नवा झाला त्या साली अक्का कायमची माहेरी आली. तिचं सासर जुन्या जिल्ह्यात राहिलं, ती नव्या जिल्ह्यात आली. "सरकारनं माझ्यासाठी शीव आखून दिली," असं ती हसत सांगायची. लोकही हसायचे. मला त्यात कधी हसू आलं नाही.

तर दोन महिने गिरजीचं खाणं सुरू झालं. माणसांनी खाल्लं नसेल असं खाणं. साखर कारखान्याकडनं उसाचं वाढं यायचं, ते अक्का स्वतः बारीक तोडायची. सरकीची पेंड, गुळाचं पाणी, आंबोण. आम्ही भात निवळून पेज काढली की ती गिरजीला. डॉक्टर आठवड्याला यायची, बरगड्यांवरून हात फिरवायची, फीत लावून बघायची. अक्का तिच्या मागं उभी राहून तेच हातानं बघायची. एक माज झाला. दुसरा वेळेवर झाला. तिसऱ्याला डॉक्टर म्हणाली, "अक्का, आता माझं मत हो आहे. फार छान नाही, पण चालेल. नको म्हणालात तरी मी रागावणार नाही."

अक्का त्या दिवशी संध्याकाळपर्यंत गोठ्यात बसून होती. मला वाटलं नको म्हणेल. बाहेर आली आणि म्हणाली, "लाव. काशी स्वप्नात येऊन राहिली. तिचं काईच न्हाई ऱ्हायलं तर मी तिला काय तोंड दाखवू?" तिला भीती वाटत होती, आणि ती तिनं लपवली नाही.

सुया शनिवारी सुरू झाल्या. पहिल्या दिवशी डॉक्टरनं स्वतः दिल्या. रविवार-सोमवार तिची छावणीवर नेमणूक होती, म्हणून तिनं बर्फाच्या डब्यात औषध ठेवलं, सिरिंजा भरून खुणा करून ठेवल्या, आणि आमचा सालगडी मन्मथ याला दाखवून दिलं. मन्मथनं आधी जनावरांना सुया दिलेल्या होत्या, त्याला नवं काही नव्हतं. "सकाळी आणि संध्याकाळी. एक पण चुकवायची नाही," डॉक्टर म्हणाली. अक्का "हाव" म्हणाली. मन्मथ "हाव मॅडम" म्हणाला. मी पण तिथंच होते.

मंगळवारी सकाळी डॉक्टर आली, डबा उघडला आणि ओरडली. डब्यात सोमवारच्या दोन्ही सिरिंजा तशाच भरलेल्या.

"मन्मथ! कामून दिल्या नाहीत?"

मन्मथ अक्काकडं बघायला लागला.

"सोमवार हुता की," अक्का म्हणाली.

डॉक्टरला कळेना. तिला वाटलं सोमवारी काही झालं असेल, कुणी गेलं असेल. काही झालेलं नव्हतं. आमच्या घरात सोमवारी बैलाला जू लावत नाहीत. महादेवाचा वार. नांगर नाही, गाडी नाही. अप्पांच्या काळी एवढंच होतं, अक्कानं ते पुढं वाढवत नेलं. सोमवारी दावं बदलायचं नाही, नाल ठोकायची नाही, काठी उगारायची नाही. सोमवारी जनावर जनावराचं. तिच्या दृष्टीनं चार दिवस म्हणजे सोमवार सोडून चार दिवस, यात सांगण्यासारखं काही नव्हतंच. मन्मथ तिच्या हाताखाली वाढलेला. मीही त्याच घरातली. मला सुद्धा सोमवारी काही खटकलं नाही, मी निवांत पेपर वाचत होते.

"आज देऊ की कालच्या. चारी मिळून देऊ, कुठं पळाल्या?" अक्का म्हणाली.

"अक्का, हे उपवासाचं नाही हो, उद्या धरला तर चालतंय! आतली बीजं एका लयीत वाढत असतात, मधी खंड पडला की संपलं! आधी सांगायचं होतं, मी मंगळवारी सुरू केलं असतं. तुमच्या महादेवाला पण चाललं असतं!"

"तू इचारलंस का?"

"मला काय माहीत सुईला वार असतो!"

डॉक्टर पायरीवर बसून रडली. दोन-अडीच महिन्यांची तिची धडपड होती, ऊन-तान बघितलं नव्हतं पोरीनं. अक्का आधी उभी राहिली, मग तिच्या शेजारी बसली, मग म्हणाली, "चुकलं गं माजं." अक्काच्या तोंडून ते वाक्य मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. डॉक्टरनं तोंड पुसलं आणि उरलेल्या सुया चालू ठेवल्या, काय निघेल ते निघेल म्हणून.

एक निघाला. आठ-दहाची आशा होती, एक निघाला. डॉक्टरनं मला सूक्ष्मदर्शकातून दाखवला, मी गणिताची का होईना मास्तरीण म्हणून. गोल, धूसर, साबुदाण्याच्या दाण्यासारखा. पुष्कळ वेळ मी डोळा लावून बसले होते, मागून अक्का ढकलत होती, "मला बगू दे की गं, माजा हाय त्यो." आमच्या गावात तो ठेवायला एकही धडधाकट गाय नव्हती, सगळ्यांची हाडं वर आलेली. डॉक्टरच्या वडलांकडं कंधारला धरणाच्या कडेला थोडा हिरवा चारा होता, त्यांच्या गाई अंगानं बऱ्या होत्या, आणि तिनं त्यांतली एक आधीच तयार करून ठेवली होती. तर काशीचं ते सगळं उरलंसुरलं एका नळीत भरून, डब्यात घालून, जीपनं कंधारला गेलं आणि एका लाल गाईच्या पोटात जाऊन बसलं. अक्कानं जीपमागं हात जोडले. "तांबडीच्या पोटी का हुईना," म्हणाली.

पुढचं थोडक्यात सांगते, मला ते लांबवता येत नाही. जूनमध्ये चार सरी पडल्या आणि पावसानं तोंड फिरवलं. विहिरीकडच्या वावरात कडवळाची, म्हणजे चाऱ्याच्या ज्वारीची, जुनी धसकटं होती, त्यांना कोवळे हिरवे फुटवे आले. वर्षभर रानात उभं हिरवं न बघितलेल्या जनावराला ते दिसलं. अशी सुकत चाललेली कोवळी ज्वारी विषारी असते, हे आमच्याकडं शेंबडं पोर सांगेल, म्हणून अक्कानं गिरजीला दुहेरी बांधलं होतं. गिरजीनं दावं तोडलं. मन्मथनं फोन लावेपर्यंत तोंडाला फेस आला होता, डॉक्टरची स्कूटी वेशीत येईपर्यंत आटोपलं होतं. गिरजीला भरवायचं त्याच महिन्यात ठरलं होतं.

अक्का रडली नाही. पडवीत बसून ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, "तिनं वासराला चाटलं न्हाई गं बेबे. आई झाली आन् वासराला चाटलं न्हाई." मी तिच्या पाठीवर हात ठेवला. ती कुणाबद्दल बोलत होती ते मला नीट कळत होतं, आणि मला अप्पांचा राग आला, मेलेल्या माणसाचा, इतक्या वर्षांनी.

पुढल्या फाल्गुनात कंधारला तांबडी व्याली. पांढरी कालवड, तोंडाच्या बाजू काळ्या. डॉक्टरनं मुद्दाम नाव ठेवलं सोमी. अक्कानं ते नाव ऐकून फोनवर तिला दोन शिव्या दिल्या आणि मग आठवडाभर सगळ्या गावाला सांगत सुटली. सोमीला आपल्याकडं आणायचा विषय निघाला तेव्हा अक्काच म्हणाली, नको, तिकडं चारा आहे, आई आहे, राहू दे.

आता यंदा पुन्हा कोरडं साल. टँकर आले, कट्ट्यावर जिल्ह्याची चर्चा आली, आणि डॉक्टरचा अक्काला फोनही आला. योजनेची गाडी परत आलीय. सोमी वयात आलीय, हिवाळ्यात दोनदा माजावर आली असं वडील म्हणाले, अंगानं भरलीय. काय करायचं?

गंमत अशी की या वेळी दोघींनी बाजू बदलल्या होत्या. डॉक्टर म्हणत होती, "अक्का, माझं ऐकाल तर आधी एक वेत होऊ द्या." आणि अक्का फोनवर ओरडत होती, "आन् तवर तिनं दावं तोडलं मंजी? गिरजीचं झालं तसं झालं मंजी? सुया लाव तू. लगी लाव!" दोघींचे फोन झाले की दोघी मला फोन करायच्या. मी दोघींचं ऐकायची आणि वह्या तपासायची.

शेवटी परवाच्या रविवारी अक्का आणि मी अहमदपूरला गाडी बदलून कंधारला गेलो, डॉक्टर तिथं आधीच पोचली होती. रविवारी, कारण सोमवारी अक्का सोमीच्या अंगाला फीतसुद्धा लावू देणार नव्हती. डॉक्टरचे वडील अंगणात बाजेवर बसले होते, तंबाखू मळत, फार न बोलणारा माणूस. गोठ्यात तांबडी आणि तिच्या शेजारी सोमी. अक्का दारातच थबकली. "काशी," म्हणाली. मला गाईतलं कळत नाही, पण मलाही तसंच दिसलं.

डॉक्टरनं फीत लावली, बरगड्यांवरून हात फिरवला, खूश झाली. मग खांद्यापर्यंत रबरी मोजा चढवला, आत सगळं ठीक आहे का बघायला. अक्का सोमीच्या तोंडाशी उभी. मी लांब, रुमाल घेऊन. डॉक्टरचा हात आत, नजर वर पत्र्याकडं. ती थांबली. परत चाचपलं. परत थांबली.

"बाबा," तिनं तिथूनच हाक मारली. "कोणता वळू होता?"

बाजेवर तंबाखू मळणारा हात थांबला. "आपलाच की. तांबडा."

"ही गाभण हाय, बाबा! दोन महिने झाले! मला सांगायचं नव्हतं का?"

"तू रागावली असतीस," म्हातारा म्हणाला. "म्या काय केलं न्हाई. म्या महादेवाच्या दर्शनाला गेलतो. माघारी आलो तर दावं तुटलेलं, आन् ही पलीकडच्या वावरात वळूपाशी उभी. संक्रांतीच्या पुढचा सोमवार हुता."

"सोमवार?" अक्कानं विचारलं.

"सोमवारच."

अक्का पदर तोंडाला लावून हसायला लागली. अशी हसली की तिला तांबडीच्या पाठीचा आधार घ्यावा लागला.

"हसता काय, अक्का! तांबड्याचं पोर होणार आता. काशीची जात..."

"हूं दे गं तांबडं, न्हाईतर पट्ट्यापट्ट्याचं. पयलं तिच्या मनाचं. त्याच्या म्होरलं आपल्या मनाचं घिऊ, तवा लाव तुज्या सुया, सोमवार सोडून." मग ती सोमीकडं वळली, तिच्या पोटावर दोन्ही हात ठेवले, आणि आम्ही कुणी तिथं नाहीच अशा आवाजात म्हणाली, "तुजं तू ठरवलंस व्हय गं? बेस केलंस माय. मला कुनी इचारलं बी न्हवतं."

डॉक्टरनं मोजा काढला. तिचं माझ्याकडं लक्ष गेलं. "मावशी, काय झालं? डोळ्यात काय गेलं?"

"शेणाचा वास," मी म्हणाले. "मला सोसत नाही."